शेवटच्या रिंगणापर्यंत

आश्विनातल्या उबदार हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मैदानाच्या एका कडेला ढोलावर पडलेली थाप शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या कानी पोचायला ०.२९ सेकंद लागतात. मैफलीत मांडी घालून बसलेल्या रसिकाचे त्याने काही बिघडत नाही. त्याच्यापर्यंत सगळाच आवाज तेवढा उशिरा येतो आणि तो उशीर त्याला जाणवतही नाही. गरबा खेळणाऱ्याचे मात्र बिघडते. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एका मात्रेला अर्धा सेकंद मिळतो, आणि ०.२९ सेकंद म्हणजे अर्ध्या मात्रेहून जास्त. समोरच्या बाजूचे लोक टाळी देऊन पुढे सरकलेले असतात आणि याच्या कानावर अजून थाप पडलेली नसते. बडोद्यात नवरात्रात एकेका मैदानावर हजारो माणसे जिवंत गायन-वादनावर, एकाबाहेर एक अशा रिंगणांतून खेळतात. तिथे ही अडचण नऊ रात्री, प्रत्येक गरब्यात नव्याने सोडवावी लागते. ती सोडवणाऱ्याला आपण साउंडवाला म्हणतो. मंडपवाला आणि लाइटवाला यांच्या पंगतीत त्याला बसवतो आणि पत्रिकेच्या तळाशी ‘ध्वनिव्यवस्था’ या शब्दापुढे त्याचे नाव बारीक टायपात छापतो.

या धंद्याचा इतिहास सहसा दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एक यंत्रांचा: कोणता कर्णा, कोणता माइक, कोणत्या साली. दुसरा अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या रॉक संगीताचा: गाणी मोठी झाली, गर्दी मोठी झाली, म्हणून भिंतीएवढे स्पीकर आले. दोन्हींत तथ्य आहे, पण धंदा कशाने उभा राहिला ते या दोन्हींतून कळत नाही. माझे म्हणणे असे की, ज्या दिवशी कोणीतरी ‘शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल, ती जबाबदारी माझी’ असे पैसे घेऊन कबूल केले त्या दिवशी हा धंदा जन्मला. यंत्र विकणारा यंत्र पोचते करून मोकळा होतो. साउंडवाला कार्यक्रम संपेपर्यंत बांधलेला असतो. आणि ही हमी पहिल्यांदा मागितली ती गाण्याच्या मैफलीने नव्हे, सभेने. आधी दरबार, मग सभा आणि मग उत्सवाचे मैदान ही वाटचाल बडोद्याइतकी एकाच शहरात स्पष्ट दिसेल अशा जागा थोड्या.

महाराजा सयाजीरावांच्या बडोद्यात गाणे ऐकू जाण्याची सोय यंत्राविना केलेली होती. ती दोन गोष्टींनी व्हायची: बांधकामाने आणि निवडक श्रोत्यांनी. संस्थानात कलावंतांसाठी स्वतंत्र खाते होते, कलावंत कारखाना. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती इथेच. आफताब-ए-मौसिकी फैयाझ खाँ दरबारचे गवई होते. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये गवयाला आवाज किती फेकायचा हे ठाऊक असायचे, कारण समोर किती माणसे बसणार हे आधीच ठरलेले असायचे. ते ठरवायचा दरबार. ऐकण्याचा खर्च कोणी उचलायचा आणि किती जणांनी ऐकायचे, हे दोन्ही निर्णय एकाच हातात होते. गंधर्व नाटक मंडळीसारख्या संस्थेलाही बडोद्याचा आश्रय होता, पण तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांपुढे नटाला पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावे लागे, आणि त्यासाठी त्याच्यापाशी कमावलेल्या गळ्याखेरीज दुसरे साधन नव्हते.

दरबाराबाहेरच्या लोकांनी आपली वेगळी युक्ती काढली होती. बडोद्याचे कवी प्रेमानंद यांच्या परंपरेतला माणभट्ट तांब्याच्या घागरीवर बोटांतल्या अंगठ्यांनी ठेका धरून आख्यान सांगायचा. जवळच्या डभोईचे दयाराम यांच्या गरब्या बायका फेर धरून गायच्या. शेरीतल्या गरब्यात एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची; आपल्या कीर्तनात पाठीमागचे झील धरतात तशी. या पद्धतीत प्रत्येक ऐकणारा पुढच्यासाठी आवाज वाढवणारा असतो. म्हणूनच ती शेकडो वर्षे टिकली. पण तिलाही मर्यादा होती आणि ती निसर्गाचीच होती. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घसरते. खड्या आवाजात बोलणाऱ्याच्या तोंडापासून एक मीटरवर ७५ डेसिबल असतील, तर ६४ मीटरवर ते ३९ उरतात, आणि एवढा आवाज गर्दीच्या नुसत्या कुजबुजीत बुडून जातो. शेरीला ६४ मीटरची गरज कधी पडत नव्हती. राजकारणाला पडली.

डिसेंबर १९०७ मध्ये बडोद्याहून फार दूर नसलेल्या सुरतेला काँग्रेसचे अधिवेशन भरले. जहाल आणि मवाळ यांचा तंटा, उडालेला जोडा, मोडलेल्या खुर्च्या हे सगळे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यातली एक बाब माझ्या विषयाच्या दृष्टीने मोठी आहे. सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे त्या काळातले नाणावलेले वक्ते भाषणाला उभे राहिले आणि गोंगाटात त्यांना बोलताच आले नाही. बैठक तहकूब करावी लागली. हजारोंच्या मंडपात एका माणसाचा गळा विरुद्ध सगळ्यांचे गळे असा सामना होता, आणि त्यात वक्ता हरला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सभा आणखी मोठ्या झाल्या. गांधीजींचा आवाज तर मुळातच संथ आणि हलका. त्यांना पाहायला माणसे लोटायची, पण शब्द कळायचे ते पुढे बसलेल्यांना. मागे बसलेल्यांना दर्शनावर समाधान मानावे लागे. ज्या चळवळीला शेवटच्या माणसाला सोबत घ्यायचे होते तिला ही उणीव परवडणारी नव्हती.

यंत्र तोवर तयार झाले होते. कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी तारेच्या वेटोळ्याने आणि चुंबकाने हलणाऱ्या पडद्याला कर्णा जोडला आणि १९१५ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर जमलेल्या प्रचंड गर्दीला त्यातून ऐकवले. त्यांच्या यंत्राचे नाव मॅग्नाव्हॉक्स. १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन सॅन दिएगोच्या मैदानात सुमारे ५० हजार लोकांपुढे याच यंत्रातून बोलले. १९२१ मध्ये आर्लिंग्टनला अज्ञात सैनिकाच्या दफनप्रसंगी अध्यक्ष हार्डिंग यांचे भाषण टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेने तिथल्या जमावाला तर ऐकवलेच, शिवाय तारेवरून न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या सभागृहांतही पोचवले. हे प्रसंग कशाचे आहेत ते पाहावे: प्रात्यक्षिक, राजकीय सभा, राष्ट्रीय शोकविधी. यांत मैफल नाही. आणि ज्यांनी ते घडवले त्या कंपन्यांचा मुख्य व्यवसाय उपकरणे बनवून विकण्याचा किंवा टेलिफोन चालवण्याचा होता, अधिवेशनामागून अधिवेशन, गावोगाव जाऊन आवाज पुरवण्याचा नव्हता.

तो व्यवसाय आपल्याकडे केला मोटवाने कुटुंबाने. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधल्या सक्कर इथे विजेच्या आणि टेलिफोनच्या सामानाचे दुकान काढले, ते पुढे कराचीला आणि मग मुंबईला आणले. शिकागोच्या एका टेलिफोन कंपनीचा माल ते विकत, म्हणून दुकानाचे नाव शिकागोवरून पडले आणि पुढे ‘शिकागो रेडिओ’ हीच ओळख झाली. त्यांचे चिरंजीव नानिक मोटवाने यांना गांधीजींच्या सभेत लोकांना ऐकू येत नाही ही गोष्ट खटकली. कराचीच्या १९३१ च्या अधिवेशनापासून काँग्रेसच्या सभांना आवाज पुरवणे हे त्यांनी आपले काम मानले. त्या काळातली छायाचित्रे पाहिली तर गांधी, नेहरू, सुभाषबाबू, पटेल यांच्या तोंडापुढच्या माइकवर ‘शिकागो रेडिओ’ची पाटी स्वच्छ वाचता येते. जाहिरात म्हणून ती पाटी अजोड होती, हे खरे. पण नुसत्या जाहिरातदाराने जेवढे केले असते त्याच्या पलीकडे हे लोक गेले. सभेला येणारी मुख्य अडचण उपकरणाची नसते. माळरानावर वीज कुठून आणायची, खांब कुठे रोवायचे, तार कुठून न्यायची म्हणजे बैलगाड्यांखाली तुटणार नाही, वक्ता मान फिरवून बोलला तर काय करायचे, पाऊस आला तर काय झाकायचे, याची ती अडचण असते. त्यासाठी यंत्रासोबत माणसे लागतात, आणि ही माणसे सभा उठेपर्यंत जागची हलता कामा नयेत.

या हमीची किंमतही मोजावी लागली. १९४२ च्या ऑगस्टनंतर उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरात तो पकडला गेला तेव्हा नानिक मोटवानेही आरोपींत होते. उषाबेनना शिक्षा झाली, मोटवाने सुटले. उपकरणे पुरवणारा व्यापारी आणि आवाज पोचवण्याची जोखीम उचलणारा माणूस यांच्यातला फरक या खटल्याने जितका दाखवला तितका कोणत्याही व्याख्येने दाखवता आला नसता. बोलणाऱ्याला गप्प करायचे असेल तर सरकार आधी त्याचा आवाज वाहून नेणाऱ्याला धरते.

यावर जाणकार म्हणतील, सभेचा कर्णा वेगळा आणि आजची ध्वनिकंपनी वेगळी. आजच्या कंपन्यांचे मूळ साठच्या दशकातल्या संगीतातच आहे. हा आक्षेप हलका नाही. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपुढे ५५ हजारांवर माणसे होती, आणि गाणे पोचवायला गिटारचे अँप्लिफायर आणि खेळाच्या घोषणा देण्यासाठी मैदानात बसवलेले स्पीकर यापलीकडे फारसे काही नव्हते. किंकाळ्यांत गाणे बुडाले. मग पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या क्लेअर बंधूंनी एका कॉलेजच्या कार्यक्रमाला लावलेली यंत्रणा ‘फोर सीझन्स’ या गायकांना इतकी आवडली की त्यांनी दोघांना यंत्रणेसह दौऱ्यावर नेले. इंग्लंडात चार्ली वॉटकिन्स यांनी १९६७ मध्ये विंडसरच्या महोत्सवात १००० वॉटची यंत्रणा उभी केली. वुडस्टॉकच्या १९६९ च्या चार लाखांच्या गर्दीला आवाज पुरवला बिल हॅन्ली यांनी. हे सगळे मान्य. पण याच हॅन्लींनी त्याआधी, १९६५ मध्ये, अध्यक्ष जॉन्सन यांच्या शपथविधीला आवाज पुरवला होता. मैदानात लाखोंना शब्द कसा कळवायचा हे ज्याला आधीच येत होते तोच वुडस्टॉकला कामी आला. आणि क्लेअर बंधूंनी विकले काय? त्यांनी उपकरण विकलेच नाही. ‘तुम्ही ज्या गावी जाल तिथे आम्ही येऊ आणि काल जसे ऐकू गेले तसे आज ऐकू जाईल’ एवढेच त्यांनी विकले. आपल्याकडच्या सभांना हेच पस्तीस वर्षे आधी मिळत होते. रॉक संगीताने या धंद्याला श्रीमंत केले, त्याची यंत्रे बदलली, त्याला गाणे शिकवले. पण त्याचा करार सभेतच लिहिला गेला होता.

१ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५० मध्ये, फैयाझ खाँ गेले. संस्थानचे स्वतःचे रेडिओ केंद्र होते, तेही आकाशवाणीकडे गेले. ऐकण्याचा खर्च उचलणारा एक हात काढून घेतला गेला आणि त्या जागी अनेक हात आले: गणेशोत्सव मंडळे, गरबा मंडळे, निवडणुकीतले पक्ष, सहकारी सोसायट्या, लग्नघरे. कोणाचाही खिसा राजासारखा खोल नव्हता. म्हणून वस्तू विकत घेण्यापेक्षा दोन दिवसांपुरती भाड्याने आणणे सोयीचे होते. दिल्लीच्या अहुजा कंपनीने १९४० पासून देशी अँप्लिफायर आणि भोंगे बनवायला घेतलेले होतेच. बडोद्यात आणखी एक पूरक गोष्ट होती. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, जिथे दादासाहेब फाळके शिकले, ते हाताने काम शिकवणारे तंत्रविद्यालय होते. पुढे ते महाराजा सयाजीराव विद्यापीठात मिसळले. अलेंबिक, ज्योती यांसारखे कारखाने शहरात होते, साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी आणि खत कारखाना आला. वायर, ट्रान्सफॉर्मर, सोल्डर ही हाताळायला लाजायची गोष्ट नाही असे मानणारी माणसे या शहरात घडत होती. गाण्याचा कान आणि हत्यार धरणारा हात या दोन्ही गोष्टी शहराला संस्थानकाळाकडून वारशात मिळाल्या, असे मला वाटते.

या भाड्याच्या भोंग्याची आज टिंगल होते, पण त्यामागची अक्कल समजून घेण्यासारखी आहे. तार जितकी लांब तितका आवाज तारेतच मरतो. म्हणून अँप्लिफायरमधून निघणाऱ्या आवाजाच्या प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मरने १०० व्होल्टपर्यंत चढवतात आणि बारीक तारेतून लांबवर नेतात. विजेच्या मोठ्या वाहिन्यांचे तत्त्व तेच. प्रत्येक भोंग्यापाशी, किंवा त्याच्या युनिटच्या आतच, एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. धंद्यात त्याला एल.एम.टी. म्हणतात. तो दाब पुन्हा उतरवून भोंग्याला देतो. त्याच्या वेगवेगळ्या टोकांना तार जोडून कोणत्या भोंग्याला किती वॉट द्यायचे तेही ठरवता येते. शाळेपाशी कमी, बाजाराच्या टोकाला जास्त. एका अँप्लिफायरवर, एका जोडतारेवर, गल्लीभर दहा-बारा भोंगे चालायचे. त्यातून ढोलाची घुमक येत नसे, कारण खर्जाचा आवाज बाहेर काढायला कर्णा फार मोठा असावा लागतो. आवाज नाकातून बोलल्यासारखा यायचा. पण शब्द कळायचा, आणि त्याला बांधिलकी होती ती शब्दाशी. पुढे उभ्या डब्यात एकावर एक स्पीकर बसवलेले ‘कॉलम’ आले. आवाज वरखाली कमी पसरावा आणि समोर लांबवर जावा ही त्यामागची युक्ती. १९९२ मध्ये फ्रान्सच्या ख्रिश्चन हाइल यांनी तीच युक्ती पूर्ण आवाजपट्टीसाठी लागू करून जो ‘लाइन अ‍ॅरे’ बाजारात आणला, तो आज मोठ्या मैदानांवर ट्रसला टांगलेला दिसतो.

आता गरब्याच्या मैदानाकडे येऊ. माझ्या मते तो या धंद्याचा सगळ्यात अवघड पेपर आहे, रॉकच्या मैदानाहूनही. रॉकच्या मैदानात सगळ्यांची तोंडे मंचाकडे असतात. मागच्यांसाठी मध्ये मनोरे उभारून त्यांवरच्या स्पीकरना ‘डिले’ देतात, म्हणजे मंचावरचा आवाज हवेतून तिथवर पोचेपर्यंत मनोऱ्याचा आवाज थोपवून धरतात. दोन्ही एकदम कानी पडतात, घोळ होत नाही. मागच्यांना सगळे पाव सेकंद उशिरा कळते, आणि ते चालते, कारण ते ऐकायला आलेले असतात. गरब्यातला माणूस ऐकायला आलेला नसतो. त्याची टाळी आणि त्याचे पाऊल हा त्या संगीताचाच भाग असतो. शिवाय तो एका जागी नसतो. एका गीतात तो मैदानाच्या सगळ्या दिशांतून फिरून येतो. सगळ्या स्पीकरना एकाच क्षणी आवाज सोडला तर त्याला जवळचा स्पीकर आधी आणि लांबचे मागून ऐकू येतात आणि ताल चिखलासारखा होतो. मंच एका कडेला ठेवून तिथून डिले दिले तर एकाच रिंगणाची अलीकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांच्या टाळ्या वेगळ्या पडतात.

आवाजाचा उगम मध्यभागी मानला की मात्र गणित जुळते. रिंगणातला प्रत्येक जण केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतो. त्यामुळे प्रत्येक रिंगण स्वतःशी तालात राहते. बाहेरचे रिंगण आतल्याहून किंचित मागे असते, पण दोन लगतच्या रिंगणांत अंतर थोड्याच पावलांचे, म्हणजे फरक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, आणि तेवढा खेळणाऱ्याला कळत नाही. गायक कुठेही बसोत, डिले केंद्रापासून मोजले तर हे साधते. मधोमध गरबो, म्हणजे आत दिवा लावलेले मडके, ठेवून त्याभोवती फिरायचे ही जुनी रचना श्रद्धेने ठरली, आणि ध्वनिशास्त्रही त्याच रचनेच्या बाजूने कौल देते. जिथे आवाजाची मांडणी या भूमितीला धरून होते तिथे टाळी केंद्राकडून बाहेर लाटेसारखी जाते. जिथे नुसते जास्त वॉट आणून कडेला रचले जातात तिथे हजारो माणसे खेळत असूनही कोणी कोणाबरोबर खेळत नसते.

इथे सर्वांत जिव्हाळ्याचा आक्षेप येतो. भोंगा आला आणि शेरीतल्या बायकांचे झेलणे बंद पडले. माइक आला आणि गवयाचा गळा फेकण्याचा रियाज गेला. मग साउंडवाल्याने जोडले ते काय आणि तोडले ते काय? यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. शंभर जणींनी मिळून उचललेली ओळ आणि मंचावरच्या एकीची शंभरपट मोठी केलेली ओळ या एक गोष्ट नव्हेत. पहिलीत गाणे सर्वांच्या मालकीचे असते. ती मालकी गेली, आणि गाणी तोंडपाठ असणारी पिढीही तिच्यासोबत ओसरली. युनेस्कोने डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या गरब्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा या हरपलेल्या गाणाऱ्या तोंडांचाही विचार व्हायला हवा होता. पण दोष यंत्राच्या माथी मारणे सोपे आहे. गायक ओळ म्हणून थांबला आणि त्या अवकाशात मैदानाला उत्तर देऊ दिले, तर माइक असूनही झेलणे चालते. तो अवकाश ठेवायचा की नाही हे गायक आणि आयोजक ठरवतात. आणि गवयाच्या बाबतीत जे गेले त्याच्या बदल्यात काही आलेही. खर्जातली संथ, आत वळलेली आलापी मोठ्या सभागृहातल्या शेवटच्या श्रोत्याला ऐकू जाऊ शकली ती माइकमुळे. फैयाझ खाँसारखा भरदार आवाज देवाने सगळ्यांना दिलेला नसतो, आणि ज्यांना दिला नाही त्यांचे गाणे कमी प्रतीचे नसते.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतले जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये ठणकावून सांगितले. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आणि नवरात्र त्यात बसते. आजारी माणूस, तान्हे मूल, परीक्षेचा विद्यार्थी यांच्या खिडकीत जाऊन आदळणाऱ्या आवाजाला उत्सवाचे नाव दिले म्हणून तो पवित्र होत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या डीजेच्या भिंतीने छाती धडधडते, घरांची तावदाने हलतात. तिथे ऐकू जाण्याचा प्रश्नच उरलेला नसतो. ती नुसती ताकद दाखवणे असते. अशा भिंतीला ध्वनिव्यवस्था म्हणायला मी तयार नाही.

पण नियमातले आकडे नीट पाहिले तर ते चांगल्या साउंडवाल्याच्या बाजूचे आहेत. खेळणाऱ्याला ९० डेसिबल द्यायचे आणि निवासी भागाच्या हद्दीवर रात्रीचे ५५ राखायचे, तर फरक ३५ डेसिबलचा. एकाच जागी रचलेल्या ढिगातून हा फरक केवळ अंतराने मिळवायचा म्हटले तर हद्द स्पीकरपासून खेळणाऱ्याच्या छप्पन्नपट दूर हवी. शहरात एवढी जागा कोणाकडेच नाही. उपाय एकच: आवाजाची ठिकाणे जास्त, प्रत्येकाची ताकद कमी, उंचीवरून खाली रिंगणाकडे वळवलेली, पाठ वस्तीकडे, आणि प्रत्येकाला नीट मोजलेला डिले. खर्जाचे काम जास्त चिवट आहे, कारण ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ७ मीटर असते आणि ती कोणत्याही डब्याला वळसा घालून मागे जाते. तिला रोखायला बेसचे डबे मागेपुढे ठेवून मागच्या बाजूची लाट एकमेकांकडून छाटून घ्यावी लागते. हे सगळे आज करता येते, त्याची साधने भाड्याने मिळतात. त्याला ज्ञान लागते आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मैदानावर मोजमापासाठी वेळ लागतो. आयोजक नेमका तोच वेळ नाकारतात. मंडप उशिरा उभा राहतो, वीज उशिरा येते, आणि साउंडवाल्याच्या हाती ‘हॅलो, हॅलो’ म्हणण्यापुरती संध्याकाळ उरते.

मोठ्या मैदानांनी शेरीचा गरबा गिळला, प्रवेशिका आल्या, प्रायोजक आले, अशीही तक्रार आहे. ती खरी आहे, पण तिचे उत्तर ध्वनिकंपनीकडे नाही. मोठी यंत्रणा मोठी गर्दी शक्य करते. गर्दी जमवायचा निर्णय मात्र दुसऱ्याचाच असतो.

मला अधिक खटकते ती या धंद्यातल्या माणसांबद्दलची अनास्था. मोटवाने यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते मालक होते आणि माइकवर पाटी होती. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने बडोद्याने पाहिली आणि २०१८ मध्ये चौथे. अध्यक्षांची नावे आणि भाषणे छापून ठेवलेली आहेत. १९०९ मध्ये वक्त्याला गळ्यावर भागवावे लागले आणि २०१८ मध्ये मंडपभर स्पीकर होते. या दोन टोकांच्या मध्ये ज्यांनी खांबांवर चढून तारा ओढल्या, पावसात अँप्लिफायरवर स्वतःची छत्री धरली, शिट्टी मारणाऱ्या माइकपाशी धावत जाऊन तो वळवला, त्यांच्याविषयी एक ओळही कोणी लिहून ठेवलेली नाही. विद्यापीठात संगीताचे शिक्षण देणारी प्रयोगकला शाखा आहे आणि कलाभवनाच्या वारशातली तंत्रशाखाही आहे. या दोघींच्या मध्ये पडणारा विषय म्हणून ध्वनिव्यवस्था शिकवायला याहून योग्य शहर शोधून सापडणार नाही.

तोवर एक साधी गोष्ट मंडळांच्या हाती आहे. आज मंडळ आणि साउंडवाला यांच्यात जो करार होतो तो बहुधा मालाच्या यादीचा असतो: इतके टॉप, इतके बेस, इतके वॉट, इतके माइक, भाडे इतके. त्यात बाहेरच्या रिंगणात किती डेसिबल मिळतील, मैदानाच्या कोणत्याही दोन जागांत किती फरक चालेल, डिले कोणत्या बिंदूपासून मोजले जातील, हद्दीवर आवाज किती असेल आणि मोजणीसाठी मैदान किती तास आधी ताब्यात मिळेल, हे कुठेच नसते. पोलीस मोजतात ते हद्दीवर. बाहेरच्या रिंगणात मीटर धरून कोणी उभे राहत नाही. या पाच बाबी करारात लिहायला अर्धे पान पुरते, आणि त्या लिहिल्या की माल किती आणायचा हे साउंडवाला स्वतःच ठरवील. पुष्कळदा तो आजच्याहून कमी आणील.